शेऱ्याच्या रकान्यातली ताईजी

आमच्या फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक रकाना होता. 'शेरा'. रुंदी म्हणाल तर दोन बोटं! त्यात लिहायचं काय, तर 'चष्मा विसरले', 'गुडघा सुजला आहे', संपलं. पण माणसं दोन बोटांत मावतात होय? मी आधी आडवं लिहायचे, मग उभं लिहायचे, मग कागद उलटा करून मागे लिहायचे. शेवटी शेवटी तर फॉर्मची मागची बाजूच जास्त भरायला लागली. पुढची बाजू रीतसर पुण्याला गेली. तिचं काय व्हायचं ते तिथं होईल. मागच्या बाजूचं मात्र कुणाला तरी सांगितलंच पाहिजे.

तर मी शबाना. जुन्नरला फिजिओथेरपी करते. पडलेली, खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं माझ्याकडे येतात. ती येतात तेव्हा उशीर झालेला असतो. पडायच्या आधी काही करता येईल का, हे माझ्या डोक्यात किती वर्षं घोळत होतं. अशात पुण्याच्या लिमये मॅडम भेटल्या. मेंदूच्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, चीनमध्ये ताईजी नावाचा सावकाश व्यायाम आहे, कमरेएवढ्या पाण्यातून चालल्यासारखा. त्याने तोल सुधारतो, मन शांत होतं असं म्हणतात. "म्हणतात ते ठीक आहे गं. पण आपल्या म्हाताऱ्यांवर, आपल्या मातीत, तो चालतो का? मोजून बघायचं. येतेस?"

मी म्हटलं, "येते."

आम्ही चौघं झालो. मॅडम, मी, पीयूष ओसवाल आणि विश्वास सर. पीयूष संख्याशास्त्राचा माणूस. नारायणगावात त्याच्या घरचं कापडाचं दुकान. "घरचे कापड मोजतात, मी माणसं मोजतो," असं सांगायचा. आणि विश्वास सर मंचरचे. उभा जन्म जहाजावर इंजिनिअर. जहाज ज्या बंदरात दुरुस्तीला लागायचं तिथल्या एका चिनी म्हाताऱ्याकडून हे शिकलेले. अंगाने धिप्पाड आणि मिशी अशी, की लहान मुलं आधी मिशीला नमस्कार करायची!

*

पहिला वर्ग बोरी बुद्रुकला. आदल्या दिवशी आम्ही ग्रामपंचायतीत चिठ्ठी दिली होती. तिकडे भोंग्यावरून पुकारा झाला, "उद्या सकाळी आठ वाजता देवळाफुडं ताईजी येणार हायेत! साठीच्या फुडच्या समद्यांनी हजर ऱ्हावं!"

आम्ही पोचलो तर रांगोळी. सतरंजी. आणि बायकांची रांग. पुढे गऊबाई नावाच्या आजी, हातात ताट. ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू!

मी जीपमधून उतरले. गऊबाई पुढे झाल्या. "या ताईजी."

"मी नाही हो."

मॅडम उतरल्या. "मग या का?"

"नाही, मीही नाही."

पीयूषकडे कुणी बघितलंच नाही. शेवटी विश्वास सर उतरले. आधी मिशी, मग सर. 

गऊबाई म्हणाल्या, "हे?"

मी समजावून सांगितलं की ताईजी म्हणजे कुणी बाई नाही, व्यायामाचं नाव आहे. गऊबाईंचा चेहरा पडला. मागून एक जण पुटपुटली, "चला गं घरला. भाकरी टाकायच्या राहिल्यात." दोन-चार बायका उठल्यासुद्धा. पहिल्याच गावात, पहिल्याच दिवशी, आमचा प्रोजेक्ट आमच्या डोळ्यांदेखत सतरंजीवरून उठून चालला होता!

गऊबाई अजून ताट घेऊन उभ्याच. "पर मग ही वटी कुणाची भरायची?"

सर पुढे आले. खिशातून मोठा रुमाल काढला, झटकला, दोन्ही हातांनी पदरासारखा पसरला आणि वाकले. "माझी भरा. चाळीस वर्षं सांभाळलंय मी तिला. तिच्या वतीने घेतो."

गऊबाईंनी एकदा मिशीकडे बघितलं, एकदा रुमालाकडे. मग तांदूळ घातले, खण घातला, नारळ ठेवला. कुंकू कुठं लावायचं यावर जरा चर्चा झाली. ते कपाळावर लागलं.

उठलेल्या बायका परत बसल्या. गऊबाई सगळ्यांना ठणकावून म्हणाल्या, "वटी भरलीया. आता शिकायलाच लागंल!"

*

त्याच आठवड्यात बोरीत सभा झाली. एक निवृत्त गुरुजी उठले. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांनी आवाज चढवला, "आपल्याकडे योग असताना हे परदेशी खूळ कशाला?"

मॅडम संशोधनाच्या पेपरांचे दाखले द्यायला लागल्या. पीयूष काहीतरी आलेख काढायला लागला. सरांनी दोघांना हाताने थांबवलं.

"तात्या, यंदा शेतात काय लावलंय?"

"टोमॅटो."

"तोही परदेशीच. समुद्रापलीकडून आलाय. नारायणगावच्या मार्केटात कुणी विचारतं का, पाव्हणं कुठलं म्हणून?"

सभा हसली. तात्याही हसले. पण मास्तरच ते, सहज सोडतात काय! म्हणाले, "येईन मी. पण मोजमाप नीट करा. नाही चाललं तर नाही चाललं असं छापायचं. आहे तयारी?"

मॅडम खुर्चीवरून उठल्या. "आहे. तुमच्यासमोर सांगते. नाही चाललं तर पहिलं तुम्हालाच कळवीन."

मग संमतिपत्राचं वाचन. पुण्याच्या नीतिमत्ता समितीने पास केलेलं, चार पानी. मी एकेकाला सगळं वाचून दाखवायचे, कारण समजून घेतल्याशिवाय सही घ्यायची नाही हा मॅडमचा नियम. किसनआबा म्हणून एक शेतकरी होते. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोपले. मी वाचत होते, "मी या अभ्यासातून कधीही, कोणतंही कारण न देता, बाहेर पडू शकतो."

किसनआबांनी डोळे उघडले. "भाएर पडायचं व्हतं तर आत कशाला आलो आसतो?"

"तसं नाही आबा, तो तुमचा हक्क आहे."

"मला नगं त्यो. खोडा."

खोडता येत नाही हे पटवायला मला अर्धा तास लागला! शेवटी त्यांनी सही केली, आणि पेन परत देताना म्हणाले, "पोरी, येक दीस जरी चुकलो ना, तरी तुज्या फॉर्मवर लिव्ह, किसन खोटा निगाला म्हून."

ऊसतोडीत, लग्नसराईत, नातवाच्या बारशाच्या दिवशीसुद्धा ते आले. मला लिहायची वेळ आली नाही.

*

आता पीयूषचा किस्सा. प्रत्येक गावात करायचे तसे लोणीतही दोन गट करायचे होते. एकाला ताईजी, दुसऱ्याला खुर्चीत बसून हातपाय ताणायचे आणि आरोग्याच्या गप्पा. कुणी कुठं जायचं ते कॉम्प्युटरने ठरवलेलं, बंद पाकिटांत. ज्याचं त्याने पाकीट फोडायचं. तुलना करायची तर असंच करावं लागतं, नाहीतर आपण आपल्याला आवडणारी माणसं आपल्याला हव्या त्या गटात घालतो.

यशोदाबाई आणि सोपानराव, नवरा-बायको. बाईंच्या पाकिटात ताईजी निघाली, सोपानरावांच्या पाकिटात खुर्ची! पीयूषने सगळ्यांदेखत सांगितलं, "वर्गात शिकाल ते घरी कुणाला शिकवायचं नाही. दाखवायचंही नाही. सगळा डेटा खराब होईल."

यशोदाबाईंनी मान डोलावली. आणि दिलेला शब्द पाळला! रोज सकाळी बाजरीच्या कणग्या असलेल्या खोलीत जायच्या, आतून कडी लावायच्या, सराव करून बाहेर यायच्या.

तीन आठवड्यांनी सोपानराव वर्गावर आले. ते पीयूषसमोर उभे राहिले. 

"राव, चाळीस वरसांत हिनं माज्यापास्नं कायबी लपावलं न्हाई. तुमी शिकावलं!"

  पुढच्या वेळी पीयूष आला तो सरळ त्यांच्या ओट्यावर जाऊन बसला. "आजोबा, चूक माझी आहे. एका घराला एकच पाकीट द्यायला हवं होतं. पुढच्या गावापासून तसंच करतोय. पण तुमचं पाकीट फुटलंय. ते आता मला फिरवता येणार नाही."

"मंग?"

"अभ्यास संपू दे. मी स्वतः येऊन तुम्हाला शिकवीन."

आता, पीयूषला स्वतःला ताईजी येत होती का? अजिबात नाही! दुकानाच्या तीन पायऱ्या चढला की धापा टाकणारा माणूस. पण त्या दिवसापासून तो सरांच्या मागे लागला. सकाळी शिकायचा, दुपारी आकडे भरायचा. एका पायावर उभा राहताना दोनदा आमच्या जीपच्या बॉनेटवर आडवा झाला. सोडलं नाही. शेवटचं मोजमाप झालं आणि ओळीने दर रविवारी तो लोणीला जायला लागला. गुरू एक, शिष्य एक.

पाचव्या रविवारी त्याने विचारलं, "आजोबा, तुम्ही एवढं पटापट कसं उचलता? मला दोन महिने लागले."

सोपानराव म्हणाले, "तू चांगला शिकावतो रं, पर आमच्या हिच्यावानी न्हाई."

पीयूष दचकला. "म्हणजे? आजींनी शिकवलं?"

"छ्या! तिनं शबूद पाळला. पर दाराला फट हाय ना राव!"

पीयूष ओट्यावरच बसला. मग वही काढली आणि तेही लिहून घेतलं.

*

तळेघरकडे एसटी दिवसातून मोजक्या वेळा. आमची जीप एका चढाला बसली ती उठेचना. पुढे पाऊण तास पायी. तोल मोजायची एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते, तिच्यावर माणूस उभा राहिला की तो किती डुलतो ते कळतं. दिसायला सपाट, वजनाला पाट्यावरवंट्याएवढी! आम्ही चौघं आलटून पालटून ती ओढत होतो. समोरून धोंडाबाई आल्या. सत्तरीपार, अनवाणी. आमची तऱ्हा बघून थांबल्या, पाटी हातांतून काढून घेतली, चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि पुढे चालायला लागल्या. "या सावकास," म्हणाल्या.

शाळेच्या व्हरांड्यात मोजणी. मॅडम स्वतः स्टॉपवॉच घेऊन उभ्या. "आजी, एक पाय उचला. टेकला की घड्याळ बंद."

धोंडाबाईंनी पाय उचलला. आम्ही बघतोय. त्या पण आमच्याकडे बघताहेत. मग त्यांनी मला विचारलं, जेवून आलात का. मग शेजारणीला सांगितलं, नाचणी वाळत घातलीय तिथून कोंबड्या हाक. पाय वरच! मॅडमचा घड्याळाचा हात अवघडला. त्यांनी हात बदलला.

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "आजी, दमला नाहीत?"

"दमले की."

"मग पाय का नाही टेकला?"

"तुमी ठेव म्हनला न्हाई ना!"

परतताना भाताची खाचरं लागली. मधून हातभर रुंदीचे बांध. धोंडाबाई पुढे, डोक्यावर पुन्हा आमची पाटी. मॅडम त्यांच्या मागे, आणि चालता चालता मला समजावून सांगत होत्या की अशा बांधावरून आयुष्यभर ओझं घेऊन चाललं की मेंदू तोल कसा शिकत जातो. वाक्य पूर्ण झालं नाही. धप्प! मॅडम खाचरात, गुडघाभर चिखलात, साडीसकट.

धोंडाबाईंनी पाटी न उतरवता एका हाताने त्यांना वर ओढलं. चिखल पुसला. आणि वळून मला विचारलं, "'गेल्या सा म्हयन्यात पडला का' म्हनून इचारता ना तुमी? यांचा फॉर्म भरला का?"

*

एक प्रश्न आम्ही सगळीकडे विचारायचो. "पडायची भीती वाटते का? अजिबात नाही, थोडी, की खूप?" तीन खाने, एकावर खूण.

लोणीच्या हौसाबाई एकट्या राहायच्या. मुलगा चाकणला कंपनीत. त्यांच्या दारात बसून मी प्रश्न विचारला. मॅडम शेजारी होत्या.

हौसाबाई म्हणाल्या, "पडायची कसली भीती? मानूस पडतंच."

मी 'अजिबात नाही'वर पेन नेलं.

"थांब. पडायची न्हाई. पडल्यावर उचलायला कोन येतंय, त्याची वाटती. मागल्या साली न्हाणीत पडले. सकाळी पडले ते दूधवाला येईस्तवर तशीच. त्याचा खाना हाय का तुज्याकडं?"

नव्हता.

मॅडमनी माझ्या हातातून फॉर्म घेतला. प्रश्न पुन्हा वाचला. जगभर वापरलेला प्रश्न, भाषांतर तपासून घेतलेलं, सगळं नीट. परतीच्या वाटेवर एकच वाक्य बोलल्या. "शबाना, आपण उभं राहायला शिकवतोय. उठायला कोण शिकवणार?"

मधेच अभ्यासात बदल करता येत नाही. त्याला परवानगी लागते, कारण लागतं. पीयूष म्हणाला, दोन्ही गटांना सारखंच शिकवलं तर तुलना बिघडणार नाही. मॅडमनी समितीला पत्र लिहिलं. ते परत आलं. मॅडमनी दुसरं लिहिलं. मग तिसरं. चौथ्या पत्राला होकार आला आणि सर आणि मी घोंगडी टाकून बसलो. जमिनीवरून एकट्याने उठायचं कसं? आधी कुशीवर वळायचं, मग हातावर यायचं, मग गुडघा, मग जवळचा खांब नाहीतर उंबरा. ज्यांच्या गुडघ्यांनी जमिनीशी कधीच काडीमोड घेतला होता अशा बायका, एकेक करून. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. हौसाबाई पहिल्या दिवशी उठू शकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्या घरी गेल्या आणि न्हाणीच्या दगडावरच सराव सुरू केला.

शेवटच्या मोजणीला मी पुन्हा त्यांच्या दारात. पुन्हा तोच प्रश्न, तेच तीन खाने.

हौसाबाईंनी विचार केला. "आता तुज्या खान्यात बसतंय बग. लिव्ह, थोडी."

*

शेवटच्या मोजणीची एक गंमत. मोजणाऱ्याला कळता कामा नये की समोरचा माणूस कुठल्या गटातला, नाहीतर नकळत मापात पाप मिसळतं. म्हणून पुण्याहून तन्वी नावाची नवी मुलगी बोलावली. बोरीत आदल्या दिवशी मी सगळ्यांना बजावलं, "तिला काहीही सांगायचं नाही बरं का!"

गऊबाईंनी जबाबदारी घेतली. रात्रीत घरोघर निरोप गेला.

सकाळी तन्वी फॉर्म घेऊन बसली. पहिल्याच गऊबाई. "आजी, नाव काय तुमचं?"

गऊबाई गप्प.

"आजी, ऐकू येतंय ना? नाव?"

"सांगायचं न्हाई म्हनलंय!"

*

त्या वर्षी बोरीच्या उसात बिबट्या होता. आमच्याकडे ती नवलाची गोष्ट नाही, पण भीती काही जुनी होत नाही. किसनआबा दिवस मावळायच्या आत पाणी बघायला गेले. बांधावर वळले तर समोर तो. वीस-पंचवीस पावलांवर. बसलेला.

वनखात्याची माणसं नेहमी सांगतात, पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू नका. सांगायला सोपं आहे! आबांच्या मागे नांगरलेलं रान, ढेकळंच ढेकळं. मागे न बघता त्यातून जायचं. पडला की संपला.

ताईजीत मागे चालायची एक चाल आहे. एका पायावर सगळा भार, दुसरा पाय रिकामा करून मागे न्यायचा, आधी चवडा टेकायचा, जमीन चाचपायची, मगच भार द्यायचा. आबा त्या चालीने निघाले. नजर बिबट्यावर. एक पाऊल. थांबायचं. दुसरं पाऊल. सगळं रान. डांबरी रस्ता पायाला लागला तेव्हा बिबट्या उठला आणि उसात शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी वर्गात ती चाल करून दाखवली. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. सरांचे डोळे भरून आले. मॅडमसुद्धा गहिवरल्या.

पीयूष तेवढा पेन दाताखाली धरून विचारात. म्हणाला, "आबा, खुर्चीच्या गटातलं कुणी भेटलं का हो त्याला? तुलनेला?"

आबा म्हणाले, "त्यालाच इचार जा राव. मी परत जानार न्हाई!"

*

प्रोजेक्ट संपल्यावर जुन्नरला आमच्या घरासमोरच्या शाळेच्या पटांगणात सरांनी सगळ्यांसाठी बॅच सुरू केली. फॉर्म नाही, पाकीट नाही, ज्याला यायचं त्याने यावं. सकाळी साडेसहाला तीस-चाळीस माणसं उभी राहायची.

आमचं घर बाजारात. खाली दुकान, वर राहतो. माझे अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे. लग्नात रुखवतात मांडतात त्या, फुलं रंगवलेल्या. दोन वर्षांपूर्वी पत्रे घेऊन जिना उतरताना पडले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. त्यांचा व्यायाम मी स्वतः घेतला. पायात ताकद आली, घरात काठीशिवाय चालायला लागले. पण जिना उतरले नाहीत. एकदाही नाही. मशिदीत नाही, भावाच्या मयतीला नाही. दुकान बंद झालं. मी समजावलं, रागावले, रडले. ते एवढंच म्हणायचे, "ऊपर सब है. खाली काय ठेवलंय?"

तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना उभं करत मी गावोगाव फिरत होते आणि रोज घरी येऊन वर बघत होते. गॅलरीत खुर्ची, खुर्चीत अब्बा.

एक दिवस सरांना ताप आला. फोनवर म्हणाले, "बेटा, आज तू घे." मी पटांगणात पुढे उभी राहिले. सुरुवात बरी झाली. पण मी सगळा काळ घड्याळ धरून उभी राहिलेली बाई! माणसं मोजली, चाली पाठ केल्याच नव्हत्या. पाचव्या चालीनंतर हात हवेत थांबले. पुढचं आठवेना. माणसं माझ्याकडे बघताहेत. सगळ्यांचे हात हवेत.

तेवढ्यात वरून आवाज आला.

"डावा पाय रिकामा करा. आता पत्रा उचला, दोन्ही हातांनी. कड लागेल, सांभाळून."

मी मान वर केली. अब्बा गॅलरीत उभे होते. खुर्ची मागे सरकवलेली.

"पत्रा फिरवा. सावकाश, वाकेल तो. भार उजवीकडे. आता ठोका... जोरात नाही, हळू, रंग उडेल."

सरांच्या चाली, नावं अब्बांची. माणसांनी एकमेकांकडे बघितलं आणि हात हलायला लागले. तीस-चाळीस माणसं पटांगणात मिळून एक पेटी बनवत होती. अब्बा वर तेच करत होते. कधीपासून करत होते, मला माहीत नाही.

"आता झाकण उचला. वर... वर..."

शेजारच्या कमलताई पहिल्या रांगेत होत्या. त्या ओरडल्या, "चाचा, वर बघून बघून मान मोडली! खाली या की! दिसत नाही तुम्ही काय करताय ते!"

वरचा आवाज बंद झाला. बघितलं तर गॅलरी रिकामी.

मी रस्ता ओलांडून धावले. जिन्याच्या तोंडाशी पोचले तेव्हा अब्बा सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते. एक हात भिंतीला. चेहरा पांढरा पडलेला. मी चढायला पाय उचलला.

"हाथ मत लगा," ते म्हणाले. "घड्याळ लाव."

मी जागच्या जागी थांबले. सवयीने गळ्यात अडकवलेलं स्टॉपवॉच हातात घेतलं आणि बटण दाबलं.

त्यांनी भार एका पायावर घेतला. दुसरा पाय रिकामा केला, खाली नेला, पायरी चाचपली. मग भार दिला. एक. पुन्हा तसंच. दोन. पाचव्या पायरीवर, जिथून पडले होते तिथं, ते थांबले. त्यांचा श्वास मला खालपर्यंत ऐकू येत होता. माझा हात आपोआप पुढे झाला, मी तो मागे घेतला. त्यांनी भिंतीवरचा हात काढला. सहा. सात. सतरा पायऱ्या आहेत आमच्या जिन्याला.

शेवटच्या पायरीवरून ते उतरले, माझ्या शेजारून गेले, बंद दुकानाच्या शटरवर हात टेकवला, काढला. रस्त्यावरून एक टेम्पो येत होता, तो थांबला. अब्बा रस्ता ओलांडून पटांगणात गेले. सगळे हात वर करून तसेच उभे होते. कुणी खाली घेतले नव्हते.

अब्बा रांगेच्या पुढे उभे राहिले. लुंगी नीट केली. दोन्ही हात वर उचलले.

"चला," म्हणाले, "झाकण उघडंच राहिलंय."